परदेशाहून परतताना शेवटचे सहाशे किलोमीटर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात आणि दिवाळीच्या पुढेमागे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली बरीच मंडळी परदेशी जाऊन येतात. कुणी मुलाकडे, कुणी लेकीकडे, तर कुणी घरोब्यातल्या माणसांकडे. वीस-पंचवीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेलं कुटुंब दुबईला किंवा न्यू जर्सीला स्थायिक होतं, आणि 'एकदा येऊन जाच' म्हणून मागे लागतं. जाण्याची तयारी सहा-सहा महिने चालते. परतीचा मुंबई ते बेळगाव रेल्वेप्रवास मात्र 'बघू तेव्हा' यावर सोडलेला असतो. पुढचा सगळा घोटाळा तिथूनच होतो. विमानाचं तिकीट काढण्याच्या आधी रेल्वेचं वेळापत्रक पुढ्यात घ्यावं, एवढं सांगण्यासाठी हे पत्र.

सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, परदेशी विमान उतरत नाही. मुंबईहून सांबऱ्याला येणारं देशांतर्गत विमान वेगळ्या तिकिटावर घेतलं, तर साध्या वर्गात साधारण १५ किलोच सामान फुकट नेता येतं. अमेरिकेहून येणाऱ्याजवळ बहुतेक वेळा २३ किलोच्या दोन बॅगा असतात. म्हणून सामान घेऊन येणाऱ्याला रेल्वेच परवडते, आणि वयस्कर माणसाला आडवं होऊन येता येतं हा तिचा दुसरा फायदा.

सगळ्यात जास्त चुकते ती तारीख. मुंबईत परदेशी विमानं बहुतांशी मध्यरात्र ते पहाट या वेळात उतरतात. अमेरिकेतून १४ तारखेला रात्री निघालेलं विमान १५ च्या रात्री उशिरा किंवा १६ च्या पहाटे पोहोचतं. विमानाच्या तिकिटावर पोहोचण्याच्या वेळेपुढे बारीक अक्षरात '+१' किंवा '+२' (निघाल्यापासून तितके दिवस पुढे) छापलेलं असतं, ते नजरेतून सुटतं. समजा, विमान १६ तारखेला रात्री १२ वाजून ४० मिनिटांनी उतरणार आहे. घरची मंडळी म्हणतात, '१५ च्या रात्री येणार', आणि दादरहून १५ तारखेच्या गाडीचं तिकीट काढून ठेवतात. दादरहून बेळगावकडे येणारी गाडी रात्री साडेनऊला सुटते. म्हणजे विमान उतरायच्या तीन तास आधीच ती गेलेली असते. तिकीट कन्फर्म, पैसे भरलेले, आणि गाडी कर्जतच्या पुढे! अशा वेळी १६ तारखेचंच तिकीट हवं आणि मधले वीस तास कुठे काढायचे तेही आधी ठरलेलं हवं. विमान चुकीच्या वेळी आलं या कारणाने रेल्वे पैसे परत देत नाही. गाडी स्वतः तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि ती सुटायच्या आत टीडीआर (परताव्याचा अर्ज) भरला, तरच पूर्ण परतावा मिळतो.

दादरच्या या गाडीबद्दल आणखी एक. तिला सगळे 'चालुक्य' म्हणतात, पण त्या वेळेला वेगवेगळ्या वारी वेगवेगळी गाडी सुटते. पुदुच्चेरीला जाणारी ११००५, तिरुनेलवेलीला जाणारी ११०२१ आणि म्हैसूरला जाणारी ११०३५. तिन्ही पुणे, सातारा, मिरज, बेळगाव याच मार्गाने जातात. नावाने शोधलं की 'त्या दिवशी गाडीच नाही' असं वाटतं. आयआरसीटीसीवर 'दादर ते बेळगावी' एवढंच टाकून त्या तारखेच्या सगळ्या गाड्या बघाव्यात. निपाणीकरांनी कोल्हापूर धरलेलं जास्त सोयीचं. सकाळी सीएसएमटीहून सुटणारी कोयना आणि रात्रीची महालक्ष्मी या दोन्ही तिथे येतात. मध्यरात्रीच्या सुमारास उतरणाऱ्याला कोयना मिळाली, तर मुंबईत दिवस काढावा लागत नाही. अथणी-कागवाडच्या लोकांनी मिरजेला उतरून गाडी करावी. पुण्यापर्यंत मोटारीने आलात, तर आठवड्यातून तीन दिवस दुपारी सव्वादोनच्या सुमारास सुटणारी पुणे-हुबळी वंदे भारत रात्री बेळगावात सोडते. मात्र तिच्यात २३ किलोची बॅग डोक्यावरच्या रॅकवर चढवावी लागते, आणि सत्तरीच्या माणसाला ते जमत नाही.

आता आरक्षणाचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. प्रवासाचा दिवस त्यात धरत नाहीत. ३० जूनला गाडीत बसायचं असेल, तर आरक्षण १ मे रोजी सकाळी ८ ला उघडतं. विमानाचं तिकीट चार-पाच महिने आधी काढलेलं असतं, तेव्हा रेल्वेचं मिळतच नाही, आणि मग ते विसरून जायला होतं. विमानाचं तिकीट हातात आलं त्याच दिवशी घरातल्या कालनिर्णयावर साठ दिवस मागे मोजून त्या तारखेला खूण करावी. तिकडून स्वतः काढायचं म्हटलं, तर आपले सकाळचे ८ म्हणजे दुबईत साडेसहा, उन्हाळ्यात लंडनमध्ये पहाटेचे साडेतीन आणि न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेदहा. त्यामुळे हे काम इकडच्या माणसाकडेच द्यावं.

त्याला दुसरंही कारण आहे. तत्काळचं ऑनलाइन तिकीट १ जुलै २०२५ पासून आधारशी पडताळलेल्या खात्यावरूनच निघतं आणि १५ जुलैपासून त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. खिडकीवरच्या तत्काळलाही ओटीपी लागतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून साध्या आरक्षणातही सुरुवातीची वेळ आधार पडताळलेल्या खात्यांनाच मिळते. परदेशात गेलेल्या माणसाचं इकडचं सिम बहुतेक वेळा रोमिंगशिवाय पाकिटात पडलेलं असतं. ओटीपी त्या सिमवर जाणार, म्हणजे कुठेच जाणार नाही. जाण्यापूर्वी घरातल्या एका जाणत्या माणसाचं खातं आधारशी जोडून, एकदा लॉगिन करून, पासवर्ड चालतो ना हे बघून ठेवावं. पडताळलेल्या खात्यावरून महिन्याला २४ तिकिटं काढता येतात, तेव्हा अडचण पडत नाही.

बेळगावच्या किंवा खानापूरच्या खिडकीवर जाऊन तिकीट काढण्याची आपल्याकडे सवय आहे. इथे ती उपयोगाची नाही. खिडकीवरचं छापील तिकीट प्रवासात मूळ स्वरूपातच जवळ असावं लागतं. तिकीट बेळगावात कपाटात आणि प्रवासी दादरच्या फलाटावर, अशी स्थिती होते. व्हॉट्सॲपवरचा त्याचा फोटो टीसी धरत नाही. ई-तिकीटच काढावं. त्याचा मेसेज आणि एक ओळखपत्र पुरे. ओळखपत्र म्हणून खिशातला पासपोर्ट चालतो.

वयस्करांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे. पुरुष ६० वर्षांपुढचे, स्त्रिया ४५ वर्षांपुढच्या, आणि एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी. आजी-आजोबांच्या तिकिटावर तिशीतला मुलगा घातला की हा लाभ जातो. आजी-आजोबांचं वेगळं काढून, मुलाचं दुसरं काढावं. प्रतीक्षायादीचं तिकीट असेल, तर पुढची अक्षरं बघावीत. 'जीएनडब्ल्यूएल' असेल तर आशा बरी, 'पीक्यूडब्ल्यूएल' किंवा 'आरएलडब्ल्यूएल' असेल तर फारशी धरू नये. चार्ट लागूनही वेटिंगच राहिलं, तर ई-तिकीट आपोआप रद्द होतं, आणि त्यावर गाडीत बसणारा विनातिकीट ठरतो. हे तिकडून निघालेल्या माणसाला विमानात कळत नाही. उतरल्या उतरल्या त्याला फोन करून सांगणारं कुणीतरी इकडे जागं पाहिजे.

सामानाच्या बाबतीत माणसं विमानाचा हिशेब रेल्वेला लावतात आणि फसतात. रेल्वेत फुकट सामान पहिल्या वर्गाच्या एसीत ७० किलो, टू टायरला ५० किलो, थ्री टायरला, चेअर कारला आणि स्लीपरला ४० किलो. अमेरिकेच्या तिकिटावरचे २३ अधिक २३, हातातली ७ किलोची बॅग, आणि विमानतळावर घेतलेली पिशवी. एका माणसाचं हे ५४-५५ किलो होतं. थ्री टायरमध्ये ते पंधरा किलोने जास्त आहे. सवलतीच्या वर दहा किलोपर्यंत आढळलं तर लगेजच्या दराच्या दीडपट, त्याच्याही वर गेलं तर सहापट आकार लागतो. एकट्याने येणाऱ्याने म्हणूनच टू टायर काढावी, फरकाचे पैसे तिथे वसूल होतात. नाहीतर गाडीच्या अर्धा तास तरी आधी लगेज ऑफिसात जाऊन एक बॅग ब्रेक व्हॅनमध्ये (गाडीच्या सामानाच्या डब्यात) बुक करावी. तिला कुलूप हवं, आणि तिच्यावर नाव, पत्ता, 'बेळगावी' हे स्टेशन ठळक लिहिलेलं हवं. विमान कंपनीच्या जुन्या चिकटपट्ट्या फाडून टाकाव्यात.

वजनापेक्षा माप जास्त छळतं. थ्री टायरमध्ये डब्यात न्यायच्या पेटीचं माप ५५ बाय ४५ बाय २२.५ सेंटिमीटर ठरलेलं आहे. परदेशातून येणारी मोठी बॅग जाडीलाच तीस सेंटिमीटरच्या आसपास असते, वर बाहेरचा कप्पा फुगलेला. ती खालच्या बर्थखाली अर्धी जाते आणि अडकते. मग ती वाटेत उभी राहते, रात्रभर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात. तिकडे भरतानाच बाहेरचे कप्पे रिकामे ठेवून, जाडी टेपने मोजून, बॅग आडवी केली तर ती कुठे बसेल याचा विचार करावा. दोन मोठ्या बॅगांऐवजी एक मोठी आणि दोन मध्यम असल्या, तरी रेल्वेत सोपं जातं. बर्थखाली साखळी अडकवायला कड्या असतात. साखळी आणि कुलूप चेक-इन बॅगेत ठेवू नये, वरच्या वर काढता येईल असं ठेवावं.

स्नेह्यांकडून निघताना हमखास एक गोष्ट घडते. त्यांच्या ओळखीतले चारजण 'एवढं आमच्या घरी पोहोचवा' म्हणून पुड्या आणून देतात. एकेक किलो करत सहा-सात किलो होतात. आपल्या माणसांचा मान राखावा हे खरं, पण पॅक केलेली पुडी कधीही घेऊ नये. उघडी करून, बघून, आपल्या हाताने भरावी. कस्टमला उत्तर द्यायचं असतं ते बॅग ज्याच्या नावावर आहे त्याला. सोन्याच्या दागिन्यांची बायकांना ४० ग्रॅम आणि पुरुषांना २० ग्रॅमची सूट आहे, ती वर्षाहून जास्त परदेशात राहिलेल्यांना. दोन महिने राहून येणाऱ्याला ती लागू नाही. अंगावरचं जुनं सोनं इथून नेलेलं असेल, तर जातानाच विमानतळावर कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्यावं, म्हणजे येताना वाद राहत नाही.

जाताना नेण्याच्या खाऊबद्दलही एवढंच काटेकोर राहावं. बेळगावचा कुंदा दुधाचा, आणि ब्रिटन व युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून दुधाचे पदार्थ वैयक्तिक सामानातून आणायला बंदी आहे. गोकाकचं करदंट सुक्या मेव्याचं आणि डिंकाचं, पण काही ठिकाणी त्यात खसखस घालतात. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोडते. करदंटाच्या डब्यावरचे घटक वाचूनच दुबईच्या बॅगेत भरावं, आणि घरच्या काळ्या मसाल्यात खसखस भाजून घातली असेल तर तो मसाला इथेच ठेवावा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानाच्या सामानात चालत नाहीत, तेलामुळे ते आपोआप पेट घेणाऱ्या मालात धरलं जातं. यजमान नात्यातले नसले, की व्हिसाच्या अर्जात आडनाव जुळत नाही, म्हणून त्यांच्या पत्रात ओळख किती वर्षांची, कुठली, राहण्याचा पत्ता कुठला आणि खर्च कोण करणार हे स्पष्ट लिहून घ्यावं. युरोपच्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमाही लागतो.

मुंबईत उतरल्यावर इमिग्रेशन, बॅगा आणि कस्टम यांत दीड-दोन तास धरावेत. व्हीलचेअर विमान कंपनीकडे आधीच सांगून ठेवावी, पण ती विमानतळाच्या दारापर्यंतच येते, पुढे नाही. टर्मिनल दोनपासून दादर दहा-बारा किलोमीटर, पण संध्याकाळी सहानंतर पावसात दीड तासही लागतो. विमान उतरण्याची वेळ आणि गाडी यांत सहा तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नये, जून ते सप्टेंबर आठ. टॅक्सीवाल्याला 'दादर पूर्व, सेंट्रलच्या बाजूला' असं सांगावं. टर्मिनल दोनहून भुयारी मेट्रो थेट दादरला येते, पण ते मेट्रो स्टेशन पश्चिमेला आहे. तिथून बॅगा घेऊन पूल ओलांडणं वयस्करांना झेपणारं नाही, हलकं सामान असेल तरच तिचा विचार करावा. दादरचे फलाट डिसेंबर २०२३ पासून सलग १ ते १४ असे क्रमांकित झालेत. पूर्वीचा सेंट्रलचा एक आता आठ आहे. जुन्या आठवणीने एक नंबरला गेलं, की माणूस वेस्टर्नच्या टोकाला पोहोचतो. हमाल करायचा तर बिल्ला बघावा, डब्याचा क्रमांक सांगून पैसे आधी ठरवावेत.

बंगळूरमार्गे येणाऱ्यांचं त्यामानाने सोपं. विमानतळाहून केआयए-९ ही बस मॅजेस्टिकला येते, केएसआर स्टेशन समोरच. रात्री ९ च्या सुमारास बेळगावची सुपरफास्ट, नंतर राणी चन्नम्मा, आणि ऑगस्ट २०२५ पासून दुपारची वंदे भारत. फक्त तिकिटावर स्टेशन केएसआर आहे, यशवंतपूर आहे की एसएमव्हीटी, हे वाचावं. तिन्ही एकमेकांपासून लांब आहेत. गोव्यात तर दोन विमानतळ आहेत. 'जीओआय' म्हणजे दाबोळी, वास्को स्टेशनाच्या जवळ, तिथून गोवा एक्स्प्रेस घाट चढून लोंढ्यामार्गे बेळगावात येते. 'जीओएक्स' म्हणजे पेडण्याजवळचं मोपा, तिथून बेळगावला सोयीची गाडी नाही, चोर्ला घाटातून मोटारीनेच यावं.

आता झोपेचं. अमेरिकेहून आलेला माणूस दादरहून गाडीत बसल्यावर रात्रभर टक्क जागा राहतो आणि मिरज मागे पडल्यावर गाढ झोपतो. बेळगावात सकाळचे नऊ म्हणजे न्यू जर्सीत उन्हाळ्यात रात्रीचे साडेअकरा. शरीर तिकडच्याच वेळेवर असतं. नेमकं उतरायच्या वेळी डोळा लागतो आणि माणूस लोंढ्याला किंवा धारवाडला जागा होतो. गजर लावावा, पण फोनचं घड्याळ भारतीय वेळेवर आलंय ना हे दादरलाच तपासावं. १३९ वर स्टेशन येण्यापूर्वी जागं करण्याची सोय आहे, तीही घ्यावी. खुणा सोप्या आहेत. कुडचीचा कृष्णेवरचा पूल गेला की तोंड धुऊन घ्यावं, घटप्रभेला अंथरूण आवरावं, सुळेभावी दिसली की बॅगा दाराशी आणाव्यात.

ज्यांना रायबाग, कुडची, घटप्रभा, खानापूर इथे उतरायचं आहे, त्यांनी ती गाडी तिथे थांबते का हे आधी पाहावं आणि थांबा एक-दोन मिनिटांचाच आहे हे धरून चालावं. फलाट खाली राहिला, की पायरी आणि फलाट यांत हातभर उंचीचा फरक पडतो. २३ किलोची बॅग हातात घेऊन पाठमोरं उतरणाऱ्या माणसाचा तोल तिथेच जातो. आधी माणसाने रिकाम्या हाताने उतरावं, मग वरच्याने बॅग दाराच्या काठावर आडवी करून सरकवावी, खालच्याने दोन्ही हातांनी धरावी. एकटाच प्रवासी असेल, तर सरळ बेळगावपर्यंत तिकीट काढावं. तिथे थांबा जास्त, फलाट उंच. खानापूरला मोटारीने पाऊण तासात पोहोचता येतं. न्यायला येणाऱ्यांना डब्याचा क्रमांक आदल्या रात्रीच कळवून ठेवावा, म्हणजे ते बरोबर दारासमोर उभे राहतात.

रेल्वेकडे मागणं एवढंच, की बेळगाव स्टेशनात प्रवाशांना स्वतः ओढता येतील अशा सामानाच्या ढकलगाड्या ठेवाव्यात. आणि आपल्या वृत्तपत्राला विनंती अशी, की पंचांगाशेजारी रोज एक ओळ छापावी: 'आज सकाळी ८ वाजता अमुक तारखेचं रेल्वे आरक्षण उघडेल.' साठ दिवस मागे मोजताना महिना ३० चा की ३१ चा इथेच लोक चुकतात. ज्यांच्या घरची माणसं बाहेरगावी आहेत, त्यांना ती तारीख सकाळी चहाच्या वेळी डोळ्यांसमोर दिसेल आणि त्याच दिवशी तिकीट निघेल.

आपला,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)